अक्कांचा रकाना

वही घेतली त्या दिवशी दुकानदारानं विचारलं, "मुलगी कितवीत आहे, ताई?" मी म्हटलं, "मुलीची बारावी झाली. वही मला पाहिजे." तो हसला. मला हसू आलं नाही. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, उन्हानं डोकं भणभणत होतं, पाय सुजले होते आणि घरी जाऊन अजून कुकर लावायचा होता. दोनशे पानी वही घेतली, गाडीच्या डिकीत टाकली आणि निघाले. सेहेचाळिसाव्या वर्षी शाळा सुरू.

ही वेळ आणली आमच्या धाकट्या मालकांनी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथं मी ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे काय, लूमच्या शेडला लागून काचेची एक खोली, एक कॉम्प्युटर, एक पंखा आणि मी. हजेरी, चलनं, ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन, सगळं माझ्याकडं. मोठे मालक होते तोवर इंग्रजीचा काही त्रास नव्हता. माल जायचा हैदराबादला, बेळगावला, आणि भांडणं व्हायची ती फोनवर, हिंदीत. मग मोठे मालक घरी बसले. धाकटे पुण्याहून शिकून आले आणि परदेशातलं गिऱ्हाईक घेऊन आले. मोठमोठ्या हॉटेलांना टॉवेल पुरवणारं. रोज सकाळी त्यांची मेल यायला लागली.

मी मराठी मीडियमची, टेंभुर्णीच्या शाळेतली. टॉवेल, कार्टन, लेबल, सँपल, हे काय मला नवीन नाही. हे शब्द आमच्याकडं निरक्षर माणूससुद्धा दिवसभर वापरतो. जा, ये, पाठव, एवढं इंग्रजीही येत होतं. पण ह्या गिऱ्हाइकाची क्रियापदंच वेगळी! साधं 'बघा' म्हणायचं तर असर्टेन. 'करू नका' म्हणायचं तर रिफ्रेन. फोनला विचारलं तर फोन अर्थ सांगायचा, पण तो अर्थ डोक्यात टिकायचा नाही. एकदा मी काहीतरी भलतंच कबूल करून बसले आणि धाकट्या मालकांना तासभर फोनवर सारवासारव करावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंटरनेटवरून काढलेली पंधरा पानं माझ्या टेबलावर ठेवली. सगळी अवघड इंग्रजी क्रियापदं. "मॅडम, रोज दहा करा. दीड महिन्यात बघा कसा फरक पडतो." आवाज गोड होता. पण जाताना म्हणाले, "नाहीतर एखादी इंग्लिश मीडियमची मुलगी बघावी लागेल."

मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला जायची होती. मी दहा करायला लागले.

सकाळी भाकऱ्या थापताना ओट्यावर कागद उभा करून पाच, दुपारी डब्याच्या वेळी पाच. वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात क्रियापद, दुसऱ्यात डिक्शनरीतला अर्थ. तिसरा रकाना अक्कांचा.

अक्का म्हणजे आमच्या चेकिंगच्या टेबलावरच्या मुख्य बाई. घरची भाषा तेलुगू, माहेर-सासर दोन्ही विणकरांचं, शिक्षण चौथी. टेबलावर चौघी जणी बसायच्या, पण अक्का बोटानं टॉवेल बघायच्या. डोळे भलतीकडंच, गप्पा चाललेल्या आणि हात टॉवेलवरनं फिरतोय, मधेच थांबतोय. जिथं हात थांबला तिथं तुटका धागा असायचाच. माझे मिस्टर गेले तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. अक्का आमच्याच गल्लीतल्या. तेराव्यानंतर आठच दिवसांत मला दंडाला धरून त्यांनी मोठ्या मालकांपुढं उभं केलं होतं. "हिला लिवता येतंय, मालक. हिला हितं बसवा." त्या बसवा म्हणाल्या आणि मी बसले, ती अजून उठले नाही.

डबा आम्ही दोघी एकत्र खायचो. मी वही काढायची, शब्द वाचायचा, डिक्शनरीतला अर्थ सांगायचा. अक्का घास चावत ऐकायच्या आणि मग म्हणायच्या, "म्हणजे आपल्यात काय?" आपल्यात म्हणजे टॉवेलमध्ये. फ्रे म्हणजे झिजून तंतू सुटणे, असं फोन म्हणायचा. अक्का म्हणाल्या, "किनारीच्या दशा निगतात, तेच की." श्रिंक म्हणजे आकुंचन पावणे. "आटतंय म्हण गं, आटतंय! आकुंचन काय, डॉक्टर हाय का तू?" अ‍ॅडहियर म्हणजे चिकटून राहणे, हे ऐकून त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. "मग ते माझंच नाव हाय की! पंचवीस वर्सं ह्या टेबलाला चिकटलीय." सस्टेन, एन्ड्यूअर, विथस्टँड हे तिन्ही शब्द एकाच दिवशी आले. मी वैतागून म्हटलं, "तिन्हीचा अर्थ सोसणे. मेल्यांना एक शब्द पुरत नाही?" अक्का म्हणाल्या, "सोसायचंबी लई परकार असत्यात बाई. लिही गपगुमान."

मी तिसऱ्या रकान्यात त्या म्हणतील ते लिहायची. खरं सांगते, मेल लिहिताना मला फोनचा अर्थ कधीच आठवला नाही. अक्कांचाच आठवायचा. धाकटे मालक एक दिवस म्हणाले, "मॅडम, इम्प्रूव्हमेंट आहे हां!" मी ते अक्कांना सांगितलं, तर त्यांनी पिशवीतनं शेंगाच्या चटणीची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. बक्षीस म्हणे.

मग गिऱ्हाइकाकडनं चेकिंगच्या सूचनांचं पान आलं. नऊ सूचना, सगळ्या इंग्रजीत. त्या मराठीत करून टेबलावर लावायच्या होत्या. धाकटे मालक म्हणाले, "तुम्हीच करा." मला बरं वाटलं, का खोटं बोलू? इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी सांगितलेलं टाइप करत होते. एका बैठकीत दोन सूचना केल्या आणि तिसरीला अडले. भोक, तुटका धागा किंवा ओढून बाहेर आलेला धाग्याचा फास असलेला टॉवेल डिसकार्ड करावा. फोनला विचारलं. फोन म्हणाला, टाकून देणे.

टाकून देणे? नवा कोरा टॉवेल?

आमच्याकडं कापड कुणी टाकत नाही हो. टॉवेल विरला की त्याचं हातपुसणं होतं, हातपुसण्याचं पायपुसणं, पायपुसण्याचं गाडी पुसायचं फडकं, आणि त्याच्याही चिंध्या झाल्या तर त्या वाकळेच्या पोटात जातात. मोठ्या मालकांच्या काळात एका बाईनं बिघडलेला टॉवेल केराच्या डब्यात टाकला म्हणून त्यांनी तो स्वतः उचलून, झटकून तिच्या हातात दिला होता. त्या कारखान्यात 'टॉवेल टाकून द्यावा' असं लिहून भिंतीवर लावायचं, हे माझ्या हातून होईना. मला वाटलं, फोनला काय कळतंय! तिकडचे लोक बोलायला कडक असतात, त्यांना म्हणायचं असेल वेगळा काढा. अक्कांना विचारायचं होतं, पण त्या दिवशी त्या नवऱ्याला दम्यासाठी सिव्हिलमध्ये घेऊन गेल्या होत्या, आणि मालकांना पान संध्याकाळपर्यंत हवं होतं. मी लिहिलं: दोष असलेला टॉवेल बाजूला काढून ठेवावा.

मालकांनी न वाचताच "लावा" म्हटलं. पान प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं, टेबलाच्या वर भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं. दुसऱ्या दिवशी चौघींना मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्कांनी ऐकलं, मान हलवली.

आता आमच्या टेबलावर बाजूला काढून ठेवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बाजूला ठेवलेला टॉवेल म्हणजे दुरुस्तीचा टॉवेल. दुपारच्या चहानंतर अक्का पदराला टोचलेली सुई काढायच्या, त्याच रंगाचा धागा घ्यायच्या आणि बाजूचा ढीग मांडीवर ओढायच्या. तुटका धागा असा उचलून बसवायच्या की दुरुस्ती कुठं झाली हे त्यांना स्वतःलाही नंतर सापडायचं नाही. मग तो टॉवेल चांगल्या मालात जायचा. ह्यात लपवाछपवी आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. उलट मोठे मालक पाहुण्यांना आणून दाखवायचे, बघा आमच्या अक्कांचा हात! मी हे सगळं रोज बघत होते. तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी, मेल उघडली. त्यांच्या तपासनिसानं तिकडं कार्टन फोडली होती. कसल्याशा दिव्याखाली धरून दुरुस्त केलेले टॉवेल शोधून काढले होते. पुढचा सगळा माल थांबवला होता. स्पष्ट सांगितलेलं असताना सदोष माल डिसकार्ड का केला नाही, त्याला जबाबदार कोण आणि त्या व्यक्तीवर काय कारवाई केली, हे लेखी कळवा. त्या मेलमध्ये एकसुद्धा शब्द मला वहीत बघावा लागला नाही. सगळं कळलं. एवढं इंग्रजी मला त्याआधी कधीच कळलं नव्हतं.

धाकटे मालक बँकेत गेले होते, अकराला येणार होते. दहा वाजले होते. चौघी चहाला बाहेर नळाजवळ बसल्या होत्या. मी काय करतेय ते मला पूर्ण माहीत होतं, त्यामुळं भानावर नव्हते वगैरे म्हणणार नाही. कॉम्प्युटरवर तेच पान उघडलं. तिसरी सूचना बदलली. दोष असलेला टॉवेल टाकून द्यावा, दुरुस्त करू नये. छापलं. शेडमध्ये जाऊन खिळ्यावरनं पाकीट काढलं, नवा कागद आत सरकवला आणि जुना चार घड्या करून पर्समध्ये घातला. परत खुर्चीवर येऊन बसले. पाणी प्यायले. ते अंगावर सांडलं.

मालक आले, मेल वाचली, लाल झाले. तडक शेडमध्ये गेले आणि मला मागं यायला सांगितलं. लूमची खटखट चालूच होती, त्यामुळं ते ओरडूनच बोलत होते.

"अक्का, मॅडमनी सूचना वाचून दाखवल्या होत्या ना?"

"व्हय की."

"तीन नंबरला काय होतं?"

अक्कांनी वर बघितलंसुद्धा नाही. टॉवेलवरचा हात तसाच फिरवत पाठ असल्यासारखं म्हणाल्या, "दोष असलेला टावेल बाजूला काढून ठेवावा."

"बघा वर. काय लिहिलंय तिथं?"

अक्का उठल्या. कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पाकिटाजवळ गेल्या आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागल्या. चौथी शिकलेलं माणूस वाचतं तसं, तोंडातल्या तोंडात. बोट तिसऱ्या ओळीवर आलं. 'टाकून'पर्यंत गेलं. थांबलं. तुटक्या धाग्यावर थांबायचं तसंच थांबलं. मग पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेलं आणि परत वाचत शेवटपर्यंत आलं.

त्या वळल्या आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मालकांकडं नाही. माझ्याकडं. मला वाटलं आता बोलतील, आणि देवाशपथ सांगते, बोलाव्यात असंही वाटलं. म्हणजे मला बोलावं लागलं नसतं. बाकीच्या तिघी खाली मान घालून धागे कापत राहिल्या.

"माझंच चुकलं, मालक," अक्का म्हणाल्या. "वय झालं. डोस्क्यात ऱ्हात न्हाई आता."

मालक जरा गडबडले. लहानपणी ते ह्याच टेबलाखाली खेळत मोठे झाले होते. म्हणाले, "अक्का, मी तरी काय करू? त्यांना नाव द्यावं लागतंय." अक्का म्हणाल्या, "द्या की माझं."

ऑफिसमध्ये येऊन ते खुर्चीत बसले, डोळे चोळले आणि मला म्हणाले, "मॅडम, पत्र तुम्हीच लिहा. आता तुमचं इंग्रजी चांगलं झालंय." चेकिंगच्या बाईंनी लेखी सूचनेकडं दुर्लक्ष केलं, त्यांना कामावरून मोकळं केलंय, पुन्हा असं होणार नाही, एवढंच. तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. साहेब, चूक माझी आहे, एवढे चार शब्द. पण डोळ्यांपुढं पोरगी दिसली, तिचं पुण्याचं कॉलेज दिसलं, आणि इंग्लिश मीडियमची कुणीतरी मुलगी माझ्या खुर्चीत बसलेली दिसली. मी घाबरले. ह्याला दुसरा शब्द नाही, ना मराठीत ना त्या पंधरा पानांत. मी डिसरिगार्ड लिहिलं. रिलीव्ह लिहिलं. अ‍ॅश्युअर लिहिलं. स्पेलिंग एकही चुकलं नाही. मालकांनी वाचून मान हलवली, "व्हेरी गुड," म्हणाले.

माल पुन्हा सुरू झाला. टेबलावर नवी बाई आली, ती दिव्याखाली टॉवेल धरते आणि दोष दिसला की कात्रीनं मधोमध कापते. कापलेल्यांचं पोतं भरलं की भंगारवाला नेतो. ती कात्री मला काचेतून दिवसभर दिसते. मुलगी पुण्याला गेली. फोनवर मला म्हणते, आई, तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा भारी झालंय. मी हं म्हणते आणि तिला जेवलीस का विचारते.

मालकांनी दिलेली पंधरा पानं मी वहीत पूर्ण उतरवली. बाई गं, किती शब्द आहेत त्या भाषेत! कबूल करण्याचेच चार-पाच आहेत आणि टाळण्याचे त्याहून जास्त. सगळे मला आता पाठ आहेत. पण त्या सोमवारनंतरच्या पानांवर तिसरा रकाना मोकळा आहे. डबा मी टेबलावर एकटीच खाते. अक्का घरी असतात, गल्लीत दारात बसलेल्या दिसतात, मांडीवर कुणाकुणाच्या शाळेचे शर्ट, उसवलेल्या पिशव्या. "घरी बसले तर हात कुटं ठेवू?" असं त्या पूर्वी म्हणायच्या. मी गाडी पलीकडच्या बोळातून नेते. लांब पडतं, खड्डेही आहेत. तरी तिकडूनच नेते. दोनदा ठरवून त्यांच्या दारापर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा काय बोलायचं तेच सुचेना म्हणून परत फिरले. इतके शब्द शिकले, त्यांतला एकही तिथं चालणारा नव्हता.

त्या शेवटच्या दिवशी अक्कांनी नळावर डबा धुतला, सुई पदराला टोचली, चष्मा पिशवीत ठेवला. तिघींच्या पाठीवरनं हात फिरवला. मग ऑफिसच्या दारात आल्या. मी कॉम्प्युटरकडं बघत राहिले, पडद्यावर काहीच नव्हतं. त्या आत आल्या, माझ्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. इतक्या हळू बोलल्या की खटखटीत मला पुढं वाकावं लागलं.

"तो जुना कागद फाडलास का गं?"

मला मान वर करता येईना. म्हटलं, "नाही, अक्का."

"फाडू नको. मागची बाजू कोरी हाय. तुझं इंग्रजी लिवायला व्हईल."